सुईची चूक, घड्याळाची चाल

१५३८ सालच्या डिसेंबरात जुआंव द कास्त्रो नावाचा एक पोर्तुगीज दर्यावर्दी वसईला होकायंत्राची सुई तपासत होता. त्याच वर्षी तो लिस्बनहून गोव्याला आला होता आणि आता दीवकडे निघालेल्या आरमाराबरोबर कोकणपट्टीने वर चढत होता. पुढे तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला, मग व्हाइसरॉय झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. वसईला त्याच्या ध्यानात आले की काही खडकांजवळ नेली की सुई आपली दिशा सोडते आणि तिथून दूर नेली की पुन्हा जागेवर येते. आपल्या काळ्या पाषाणात लोहाची चुंबकीय खनिजे असतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कास्त्रोलाही या प्रकाराचे कारण सांगता येणे शक्य नव्हते, पण त्याने तो नोंदवून ठेवला. त्याआधी त्याच प्रवासात, तोफ जवळ असली की सुई भरकटते, हेही त्याने असेच टिपले होते.

सागरी प्रवासाचा इतिहास सहसा दोन वस्तूंची विजयगाथा म्हणून सांगितला जातो. होकायंत्र आले आणि माणसाला दिशा मिळाली. अठराव्या शतकात अचूक घड्याळ आले आणि त्याला भर समुद्रात आपली जागा कळली. गोष्ट सुटसुटीत आहे, तिच्यात नायकही आहेत. पण मुख्य मुद्दा तिच्यातून निसटतो, असे माझे ठाम मत आहे. सुईने खरी उत्तर दिशा क्वचितच दाखवली आणि घड्याळाने खरी वेळ कधीच दाखवली नाही. जहाजे सुखरूप पोचू लागली, कारण या दोघांच्या चुका कोणीतरी मोजल्या, लिहून ठेवल्या आणि पुढच्याच्या हाती दिल्या. सागरी विद्येची खरी कमाई ही आहे. ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही पुतळ्याखाली कोरलेली नाहीत.

सुईच्या चुकीची जाण जवळजवळ सुईइतकीच जुनी आहे. चीनमधल्या शेन कुओ याने १०८८ च्या सुमारास चुंबकीय सुईचे वर्णन केले, त्यातच ती बरोबर दक्षिणेला न राहता किंचित पूर्वेकडे कलते असे त्याने नमूद केले आहे. त्यानंतर तीसेक वर्षांनी जू यू याने लिहिले की खलाशी रात्री तारे पाहतात, दिवसा सूर्य पाहतात आणि आभाळ भरून आले की सुई पाहतात. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुईचा नंबर शेवटचा होता. आकाश दिसेनासे झाल्यावर तिची आठवण व्हायची. १२८२ मधल्या एका अरबी ग्रंथात बैलक अल्-किब्जाकी सांगतो की हिंदी समुद्रातले खलाशी पाण्यावर तरंगणारा पोकळ लोखंडी मासा दिशा पाहायला वापरतात.

अरबी समुद्रातही भरवसा मुख्यतः आकाशावरच होता. कमाल नावाची एक लहानशी लाकडी फळी असे, तिच्या मध्यातून गाठी मारलेली दोरी ओवलेली असे. गाठ दातांत धरून फळी डोळ्यांसमोर ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लागली की ध्रुवाची उंची कळली. ती कळली की अक्षांश कळला. मग गलबत हव्या त्या बंदराच्या अक्षांशावर आणायचे आणि मोसमी वाऱ्यावर सरळ पूर्वेला हाकायचे. किनारा चुकण्याचा प्रश्नच नव्हता. खंबायतच्या आखातापासून केरळपर्यंत तो उत्तर-दक्षिण उभा आहे. जमीन जवळ आल्याची खूण पाण्याच्या बदललेल्या रंगावरून आणि पाण्यावर दिसू लागलेल्या सापांवरून मिळे. पूर्वेला नेमके किती कोस आलो, हे कळले नाही तरी भागत असे. रेखांश सांगणारे यंत्र आपल्या किनाऱ्यावर का जन्मले नाही, याचे कारण काही जण बुद्धीच्या किंवा जिज्ञासेच्या अभावात शोधतात. मला ते मान्य नाही. या समुद्राची ठेवण आणि इथले वारे असे होते की त्या यंत्राची निकड कधी भासलीच नाही.

निकड कुठे भासली, हेही याच महासागराने दाखवले. १६११ पासून डच जहाजे आफ्रिकेच्या टोकावरून जावाकडे जाताना दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर सरळ पूर्वेला धावू लागली. प्रवासाचे कित्येक महिने वाचले. पण या वाटेवर एका ठरावीक जागी उत्तरेला वळावे लागे, आणि ती जागा ओळखण्याचे साधन कोणाकडेही नव्हते. ४ जून १६२९ च्या पहाटे ‘बटाव्हिया’ हे नवेकोरे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला हूटमन आब्रोल्होस बेटांच्या खडकांवर चढले. वळायला उशीर झाला होता. वाचून बेटांवर पोचलेल्यांतल्या शंभराहून अधिक जणांना पुढे त्यांच्यातल्याच बंडखोरांनी मारले. या शोकांतिकेची सुरुवात रेखांशाच्या अंदाजातल्या चुकीत होती.

रेखांश आणि वेळ यांचे नाते तोवर नवे राहिले नव्हते. सूर्यसिद्धान्तात चंद्रग्रहणाच्या वेळेतल्या फरकावरून एखादे गाव उज्जयिनीच्या रेषेपासून किती पूर्वेला वा पश्चिमेला आहे ते काढण्याची रीत दिलेली आहे. आपल्या पंचांगकर्त्यांचा देशांतर संस्कार तिथूनच येतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि ४ मिनिटांना एक अंश. दोन ठिकाणच्या वेळांतला फरक कळला की रेखांशातला फरक कळतो. जमिनीवर ग्रहणाची वाट पाहत महिनोन्‌महिने थांबता येते, जहाजावर ते जमत नाही. १५३० मध्ये गेमा फ्रिसियसने सुचवले की निघालेल्या बंदराची वेळ दाखवणारे घड्याळ बरोबर न्यावे आणि स्थानिक माध्यान्हाशी ताडून पाहावे. कल्पना निर्दोष होती, पण तसे घड्याळ अस्तित्वातच नव्हते. हेलकावणाऱ्या डेकवर घटिकापात्र चालत नाही आणि १६५६ मध्ये हायगेन्सने बनवलेले लंबकाचे घड्याळही टिकत नाही. शिवाय हिशोब निर्दय आहे. विषुववृत्तावर ४ सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैल, ४ मिनिटांची म्हणजे १११ किलोमीटर.

घड्याळ नव्हते तेव्हा लोकांनी सुईलाच घड्याळाच्या जागी बसवू पाहिले. चुंबकत्व आणि कालमापन यांचे इतिहास इथे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि गोष्टीतला हा भाग फारसा कोणी सांगत नाही. सुई खऱ्या उत्तरेपासून जितकी ढळते त्याला दिक्पात म्हणतात. १४९२ मध्ये अटलांटिक ओलांडताना कोलंबसच्या तुकडीने पाहिले की दिक्पात वाटेत बदलतो. त्यातून एक मोठी आशा जन्मली. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिक्पात एकसारखा बदलत असेल, तर त्यावरूनच रेखांश वाचता येईल. आकाशाची आणि घड्याळाची गरजच उरणार नाही. कास्त्रो लिस्बनहून निघाला तेव्हा हीच कल्पना तपासणे हा त्याच्या कामाचा भाग होता. पेद्रु नुनिश या गणितज्ञाने योजलेल्या उपकरणाने सूर्याची सावली घेऊन त्याने वाटभर दिक्पात मोजले आणि निष्कर्ष काढला की दिक्पात रेखांशाच्या तालावर चालत नाही.

ही कल्पना तरीही दीडशे वर्षे मेली नाही. १५८० मध्ये लंडनला सुई उत्तरेच्या सुमारे सव्वाअकरा अंश पूर्वेला होती. १६३४ मध्ये हेन्री गेलिब्रँडने पुन्हा मोजले तर ती जेमतेम चार अंश पूर्वेला. चौपन्न वर्षांत सात अंश! दिशेत सात अंशांची चूक ठेवून शंभर मैल चालले की जहाज बारा मैल बाजूला जाते. म्हणजे सुईची चूक जागेगणिक बदलते एवढेच नव्हे, ती एकाच जागी वर्षागणिकही बदलते. रेखांशाची चावी म्हणून सुई बाद झाली.

इथे एडमंड हॅलीने जे केले ते मला विशेष वाटते. धूमकेतूमुळे त्याचे नाव घरोघरी पोचले, पण १६९८ ते १७०० या काळात ‘पॅरामोर’ नावाचे छोटे जहाज घेऊन त्याने अटलांटिकभर दिक्पात मोजले ते क्वचितच कोणी सांगते. १७०१ मध्ये त्याने नकाशा छापला. त्यावर समान दिक्पाताची ठिकाणे जोडणाऱ्या वक्ररेषा काढल्या होत्या. रेखांश मिळवण्याची त्याची आशा सफल झाली नाही. पण समुद्राच्या कोणत्या भागात सुई किती खोटे बोलते, हे खलाशाला प्रथमच एका कागदावर दिसू लागले, आणि हा नकाशा काही वर्षांनी जुना होणार, पुन्हा मोजावे लागणार, हेही त्याला ठाऊक होते. चुकीचा नकाशा काढणे हे मला विज्ञानातले फार प्रौढ पाऊल वाटते.

घड्याळाच्या गोष्टीची सुरुवात नेहमी एका अपघाताने होते. ऑक्टोबर १७०७ मध्ये सर क्लाउड्सली शोव्हेलच्या आरमारातली चार जहाजे इंग्लंडच्या नैऋत्येला सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून कितीतरी अधिक माणसे बुडाली. रेखांश माहीत नसल्याचा हा बळी, असे शेकडो पुस्तकांत वाचायला मिळते. वाचलेल्या जहाजांच्या रोजनिशा विसाव्या शतकात तपासल्या गेल्या तेव्हा चित्र निराळे निघाले. त्यांचे अक्षांशाचे आकडेही चुकलेले होते, नकाशावर सिली बेटेच नीट जागेवर नव्हती आणि अपघातानंतर तपासलेली आरमाराची होकायंत्रे बहुतांशी वाईट अवस्थेत सापडली. त्या काळी वेग मोजायचा तर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत आणि २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ रिकामे होईतो किती गाठी सुटल्या ते मोजत. वाळू ओलसर झाली, दोरी ताणली गेली, सुई गंजली, तरी हिशोब तसाच पुढे चाले. सिलीला माणसे बुडाली ती न तपासलेल्या चुका एकावर एक साचल्याने. एखादे अचूक घड्याळ त्या रात्री तिथे असते, तरी सिली बेटे चुकीच्या जागी दाखवणाऱ्या नकाशावर त्याचा उपयोग किती झाला असता?

तरी त्या अपघाताने धक्का बसला आणि १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने बक्षीस जाहीर केले. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढणाऱ्या रीतीला २०,००० पौंड. सहा आठवड्यांच्या प्रवासात अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटांची मुभा, दिवसाला तीन सेकंदांहूनही कमी. सुतारकामातून घड्याळांकडे वळलेल्या जॉन हॅरिसनने १७३५ मध्ये पहिले सागरी घड्याळ पुरे केले आणि १७५९ मध्ये चौथे, जे मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे दिसे. तापमानाने धातू प्रसरण पावतो म्हणून त्याने दोन धातूंची जोडपट्टी वापरली, घर्षण कमी करायला हिऱ्याचे भाग बसवले. त्याची प्रतिभा निर्विवाद आहे.

आता या चौथ्या घड्याळाच्या परीक्षेकडे बारकाईने पाहू, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. नोव्हेंबर १७६१ मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी घड्याळाची चूक अवघ्या ५ सेकंदांच्या आसपास निघाली, असे सगळीकडे लिहिलेले असते. पण घड्याळाचा काटा तसे दाखवत नव्हता. काट्याप्रमाणे ते साडेतीन मिनिटांहून अधिक मागे पडले होते, म्हणजे बक्षिसाच्या मर्यादेच्या बाहेर. पाच सेकंद हा आकडा निघतो तो घड्याळ रोज २ पूर्णांक २/३ सेकंद मागे पडते, ही त्याची चाल हिशोबात घेतल्यावर. बक्षीस मंडळाने पैसे अडवले त्यामागे अनेक कारणे होती, काही क्षुद्रही होती. पण एक आक्षेप अगदी रास्त होता: ही चाल प्रवासाआधी लेखी सांगितलेली नव्हती. दुसऱ्या परीक्षेत, १७६४ च्या बार्बाडोसच्या प्रवासात, विल्यमने ती आधी लिहून दिली, आणि सुमारे ४७ दिवसांनी चूक ३९ सेकंद निघाली. मुभेच्या एक तृतीयांश.

म्हणजे परीक्षा घड्याळाच्या अचूकतेची नव्हतीच. ते रोज सारखेच चुकते का आणि किती चुकते हे आधी सांगता येते का, याची ती परीक्षा होती. घरातले भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असले की कोणाची गाडी चुकत नाही. कधी पुढे कधी मागे जाणारे घड्याळ मात्र निरुपयोगी. पुढची दीडशे वर्षे प्रत्येक क्रोनोमीटरबरोबर, म्हणजे अशा सागरी घड्याळाबरोबर, त्याच्या चालीची नोंद असे, आणि एकापेक्षा जास्त क्रोनोमीटर बाळगून ते एकमेकांशी रोज ताडून पाहत. १८३१ मध्ये डार्विनला घेऊन निघालेल्या ‘बीगल’वर २२ क्रोनोमीटर होते. एकावरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, ही शिस्त.

या कथेत नेव्हिल मॅस्केलिन या राजज्योतिषाला खलनायक केले जाते. तो चंद्राच्या रीतीचा पक्षपाती होता आणि हॅरिसनशी त्याचे वागणे कठोर होते, हे खरे. पण चंद्राची रीत काही अडाणी नव्हती. चंद्र ताऱ्यांमधून तासाला अर्धा अंश सरकतो. त्याचे एखाद्या ताऱ्यापासूनचे अंतर सेक्स्टंटने मोजले आणि कोष्टकात पाहिले की ग्रिनिचची वेळ मिळते. ही कोष्टके मॅस्केलिनने १७६७ सालापासून नाविक पंचांगात छापली. ती तयार करणारे गणक इंग्लंडभर आपापल्या घरी बसून काम करत. त्यांत श्रॉपशरमधली मेरी एडवर्ड्स ही स्त्रीही होती. एकच आकडा दोघांनी स्वतंत्रपणे काढायचा आणि तिसऱ्याने तो ताडून पाहायचा, अशी व्यवस्था होती. एकदा दोन गणकांनी एकमेकांचे उतरवून काढल्याचे उघड झाले आणि दोघांचीही कामावरून गच्छंती झाली. कॅप्टन कुकच्या १७७२ ते १७७५ च्या प्रवासात हॅरिसनच्या घड्याळाची लार्कम केंडलने बनवलेली प्रतिकृती जहाजावर होती, आणि ती बरोबर चालते की नाही हे तपासायला चंद्र होता. केंडलला त्या एका प्रतीचे सुमारे ५०० पौंड मिळाले; पंचांग मात्र कोणताही कप्तान विकत घेऊ शकत असे. हॅरिसन आणि मॅस्केलिन हे दोन पक्ष नव्हते, एकमेकांच्या चुका पकडणारी जोडी होती. जगाची मूळ रेखावृत्ताची रेषा ग्रिनिचवरून जाते, तीही या पंचांगामुळे: १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेपर्यंत जगातली ७२ टक्के जहाजवाहतूक ग्रिनिचवर बेतलेले नकाशे वापरू लागली होती.

या सगळ्या अचूकतेचा हेतू काय होता, याबद्दल मौन पाळणे बरे नाही. जमैका आणि बार्बाडोस ही घड्याळाच्या परीक्षेची ठिकाणे त्या वेळी गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या उसाच्या मळ्यांची बेटे होती. कास्त्रोने ज्या आरमारातून सुई मोजली ते दीवच्या लष्करी मोहिमेवर निघालेले होते. मोजमापे सत्य होती, त्यांचा वापर लुटीसाठीही झाला. दोन्ही वाक्ये एकाच वेळी मान्य करूनच हा इतिहास वाचायला हवा.

एकोणिसाव्या शतकात सुईवर नवेच संकट आले, आणि ते जहाजाच्याच रूपात. मॅथ्यू फ्लिंडर्सला १८०१ नंतर ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजताना आढळले की जहाजाचे तोंड फिरले की सुईची चूक बदलते. कारण जहाजावरच्या लोखंडात होते. पुढे सगळे जहाजच लोखंडाचे बनू लागले. बांधताना हजारो रिव्हेटांवर हातोडे पडत आणि गोदीत जहाज ज्या दिशेला तोंड करून उभे असे त्यानुसार त्याचे स्वतःचे चुंबकत्व ठरे. १८३८ मध्ये जॉर्ज एअरीने ‘रेनबो’ जहाजावर चुंबक आणि मऊ लोखंड लावून सुई ताळ्यावर आणण्याची रीत काढली. विल्यम स्कोर्सबीचा आक्षेप होता की लाटांच्या माराने जहाजाचे चुंबकत्व प्रवासात बदलते, म्हणून एकदाची दुरुस्ती पुरेशी नाही. जानेवारी १८५४ मध्ये लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालेले ‘टेल्यर’ हे लोखंडी जहाज दक्षिणेला चाललो आहोत अशा समजुतीत आयर्लंडच्या लँबे बेटावर आदळले आणि तीनशेहून अधिक प्रवासी बुडाले. वादात दोघांचेही काही खरे ठरले: दुरुस्ती हवी, आणि ती पुन्हा पुन्हा तपासायला हवी. क्रोनोमीटरही यातून सुटले नाही, कारण त्याच्या पोलादी स्प्रिंगला चुंबकत्व लागले की त्याची चाल बिघडे.

या कथेचा एक धागा थेट मुंबईत येतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली ती जहाजांना वेळ मिळावी म्हणून. बंदरात नांगरलेल्या जहाजाला क्रोनोमीटरची चाल तपासायची तर किनाऱ्यावरून खात्रीची वेळ लागे. कुलाब्याचा रेखांश सुमारे ७२ अंश ४९ मिनिटे; म्हणून ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली मुंबईची वेळ. १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी नियमित सुरू झाल्या. त्या काळात वेधशाळेचे प्रमुख ऑर्लेबार यांच्या हाताखाली तिथे काम करायला एक मराठी तरुण आला. अलिबागजवळच्या नागावचे हे केरो लक्ष्मण छत्रे पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे आणि टिळकांचे गुरू म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहा, हा त्यांचा आग्रह कुलाब्याच्या शिस्तीतूनही आला असावा असे मला वाटते. चूक मान्य करून दुरुस्ती करायची, ही सवय तिथे रोजच्या कामाचाच भाग होती.

१८९६ मध्ये नानाभाई अर्देसर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी निरर्थक झाल्या असत्या, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारली. जुनी सोडून नवी धरली असे मात्र केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे एकीचे आकडे दुसरीशी जोडता यावेत. मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी संपादित करून १९१० मध्ये छापल्या. त्या दोन वर्षांच्या दुहेरी मेहनतीमुळे कुलाबा-अलिबागची माळ आज जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक आहे.

तिचे मोल एका उदाहरणाने सांगतो. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खवळले. जगातल्या अनेक वेधशाळांची उपकरणे मोजपट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्याच्या सहायकांनी मात्र डोळ्यांनी वाचन घेऊन ते वहीत उतरवणे चालू ठेवले. क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेली त्यात दिसते. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता ठरवली. जहाजाच्या सुईसाठी घेतलेली नोंद दीडशे वर्षांनी उपग्रहांच्या सुरक्षेच्या कामी आली.

कारण आजचे दिशादर्शन पुन्हा घड्याळ आणि चुंबकीय क्षेत्र याच दोन गोष्टींवर उभे आहे. उपग्रहावरून मिळणारी जागा म्हणजे अणुघड्याळांच्या वेळांची तुलना. एक अब्जांश सेकंदाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटर. सापेक्षतेच्या परिणामामुळे जीपीएसची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, तो फरक आधीच हिशोबात धरलेला असतो, आणि प्रत्येक उपग्रह आपल्या घड्याळाची उरलेली चूक स्वतःच प्रसारित करत राहतो. विल्यम हॅरिसनने बार्बाडोसला जाण्याआधी लिहून दिलेला कागद आणि हा संदेश यांत तत्त्वाचा फरक नाही. आणि सूर्याच्या वादळाने चुंबकीय क्षेत्र व आयनांबर खवळले की याच संदेशांच्या वेळा बिघडतात. आपल्या ‘नाविक’ प्रणालीतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशी बनावटीचे घड्याळ बसवले. समुद्रात आजही मोठ्या जहाजावर विजेवाचून चालणारे चुंबकीय होकायंत्र आणि त्याच्या चुकांचा तक्ता ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे.

कोणी म्हणेल की नोंदी ठेवणे हे दुय्यम काम आहे, शोध लागल्याशिवाय नोंद कसली ठेवणार? हॅरिसनने चाल स्थिर केली नसती तर ती मोजून उपयोग नव्हता, हे मलाही मान्य आहे. पण शोधाचे कौतुक करायला समाज नेहमीच तयार असतो. नोंदीसाठी पैसा, माणसे आणि जागा मागितली की मात्र ‘यातून नवे काय निघणार’ असा प्रश्न येतो. या प्रश्नाला तत्काळ उत्तर नसते. १८५९ मध्ये कुलाब्याला वही भरणाऱ्या सहायकालाही ते देता आले नसते.

म्हणून मराठी वाचकांकडे आणि विशेषतः शिक्षकांकडे माझी एक मागणी आहे. अलिबागला सहली नेता तेव्हा किल्ला आणि किनारा दाखवता, तशी किनाऱ्यालगतची चुंबकीय वेधशाळाही मुलांना माहीत करून द्या. कुलाब्याच्या नोंदींतले काही आकडे वर्गात आणा आणि मुलांना त्यांचा आलेख काढू द्या. आणि सरकारने अशा वेधशाळांच्या जागा, मनुष्यबळ आणि रोजच्या नोंदींसाठी लागणारी तरतूद कधीही खंडित होऊ देऊ नये. कारण न दिलेला पैसा पुढच्या वर्षी देता येतो, न घेतलेली नोंद कोणत्याही वर्षी घेता येत नाही.